बस 'सरासरी' वेळेवर येते, मग लेट मार्क कुणाला लागतो?

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर मग' जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून लोकलच्या दारात उभे असाल, तर आधी थोडं आत सरका. मग बोलू.

आजचा विषय मुंबईतला प्रवास. पण सुरुवात करतो मी लिहिलेल्या एका कोडपासून. त्या कोडमुळे एका बाईंचा पगार कापला जात होता आणि मला कित्येक महिने त्याचा पत्ताच नव्हता.

दहा मिनिटांची सवलत

मी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नोकरी करतो. दोनेक वर्षांपूर्वी मला एक छोटंसं काम आलं. ऑफिसातले हाउसकीपिंग, पँट्री आणि सिक्युरिटीचे लोक एजन्सीमार्फत येतात. त्यांची हजेरी अंगठ्याच्या मशीनवर लागते. त्या हजेरीचा महिन्याचा रिपोर्ट आपोआप तयार व्हायला हवा होता. नियम लिहूनच आले होते: आठच्या शिफ्टला आठ दहापर्यंत चालेल. त्यानंतर लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की हाफ डे कट.

मी अर्ध्या दिवसात लिहून टाकलं. टेस्ट सगळ्या हिरव्या. कौतुकही झालं.

बरं, मी स्वतः कितीला पोचतो? कधी साडेनऊ, कधी दहा, कधी सव्वादहा. आम्हाला 'फ्लेक्सी' आहे. उशीर झाला तर ग्रुपवर 'ट्रॅफिक' असं लिहायचं, झालं.

एक दिवस पँट्रीतल्या मावशींनी मला विचारलं, "सर, तुमी कंप्युटरचं बघता ना? या महिन्यात माझे दोन हाफ डे कसे काय गेले? मी तर एकपन खाडा केला नाय."

मी रिपोर्ट उघडला. सहा लेट मार्क होते. आठ बारा, आठ चौदा, आठ अकरा, असे. एकदा आठ सव्वीस. आठ अकराच्या नोंदीकडे मी बराच वेळ बघत बसलो. एक मिनिट. मशीनसमोर रांग असली तरी एक मिनिट जातं.

मी म्हटलं, "मावशी, दहा मिनिटं लवकर निघा ना."

त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, मी साडेसहाला घर सोडते."

दोन घरं, एक ऑफिस

मावशी राहतात मानखुर्दला, लल्लूभाई कंपाउंडमध्ये. मी राहतो मरोळला. नकाशावर मोजलं तर दोन्ही घरं ऑफिसपासून साधारण सारख्याच अंतरावर आहेत, एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे.

आधी मलाही तास-सव्वा तास लागायचा. मग ७ ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला. मरोळ नाक्याला गाडीत बसलो की वीसेक मिनिटांत बीकेसी. आता दारापासून दारापर्यंत मला पस्तीस-चाळीस मिनिटं पुरतात. एसी आहे, घाम नाही, शर्टाची इस्त्री मोडत नाही.

मावशींचा रस्ता असा आहे. घरापासून मानखुर्द स्टेशन चालत. हार्बरची गाडी पकडून कुर्ला. पुलावरच्या गर्दीतून पश्चिमेला उतरायचं. तिथे बीकेसीच्या बसची रांग. बस मिळाली की सकाळच्या ट्रॅफिकमधून ऑफिसचा स्टॉप. मग परत चालणं.

नकाशा सारखंच अंतर दाखवत होता आणि घड्याळ काही वेगळंच. म्हणून एका सकाळी मी मुद्दाम लवकर उठलो, कुर्ल्याला गेलो आणि मावशींबरोबर रांगेत उभा राहिलो.

बराच वेळ बस नाही. रांग वळून मागे गेली. समोर शेअर रिक्षावाले ओरडतायत, आणि बसच्या तिकिटाच्या कित्येक पट भाडं मागतायत. आणि मग काय व्हावं? एकामागोमाग दोन बस! पहिली खचाखच, दुसरी निम्मी रिकामी.

हे तुम्ही पाहिलंय ना? सगळ्यांनीच पाहिलंय. आपण म्हणतो, 'आपलं नशीबच खराब.' पण यात नशिबाचा संबंध नाही. हे गणित आहे आणि ते सोपं आहे.

दोन बस एकत्र का येतात?

समजा, डेपोतून दर दहा मिनिटांनी एक बस सुटते. पहिली बस एका सिग्नलला दोन मिनिटं जास्त अडकली. आता पुढच्या स्टॉपवर दहाऐवजी बारा मिनिटांची माणसं जमलीत. त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून बस आणखी उशिरा पोचते. त्यापुढच्या स्टॉपवर आणखी माणसं, आणखी उशीर.

तिच्या मागच्या बसचं उलटं होतं. पुढची बस नुकतीच गेल्यामुळे तिच्या वाट्याला माणसं कमी येतात. ती थांबते कमी, पळते जास्त. शेवटी ती पुढच्या बसला गाठते आणि दोघी जोडीनं येतात. ड्रायव्हर-कंडक्टरचा यात काहीच दोष नसतो. रस्ता मोकळा नसला आणि कुणी मुद्दाम अंतर राखलं नाही, तर बसचं आपोआप असंच होतं.

आता गंमत बघा. जोडी कशीही आली तरी तासाला बस सहाच. कागदावर 'दर दहा मिनिटांनी बस' हे खरंच राहतं. स्टॉपवर उभ्या माणसाचं काय होतं?

बस बरोबर दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर तुम्ही कधीही स्टॉपवर या, सरासरी पाच मिनिटं थांबाल. जास्तीत जास्त दहा.

आता त्या जोडीनं येऊ द्या. एक बस, एका मिनिटानं दुसरी, मग एकोणीस मिनिटं काहीच नाही. परत एक मिनिट, परत एकोणीस. वीस मिनिटांत दोनच बस, म्हणजे सरासरी अजूनही दहा मिनिटांना एक. पण तुम्ही स्टॉपवर येता ते बहुतेक वेळा त्या एकोणीस मिनिटांच्या खड्ड्यातच, कारण वीसपैकी एकोणीस मिनिटं त्या खड्ड्याचीच आहेत. हिशेब केला तर सरासरी थांबणं येतं नऊ मिनिटांच्या वर. पाचाचे नऊ झाले! आणि जास्तीत जास्त? एकोणीस.

एकही बस रद्द झाली नाही. तरी थांबणं जवळजवळ दुप्पट.

सरासरीवर कोण जगतं?

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. वेबसाइट किती वेगात चालते ते बघताना आम्ही नुसती सरासरी बघत नाही. सरासरी फसवते. आम्ही बघतो की शंभरातल्या सगळ्यात रखडलेल्या पाच जणांना किती वेळ लागला. कारण तक्रार तेच करतात आणि सोडूनही तेच जातात. कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या कुठल्याही पोराला पहिल्या महिन्यात हे शिकवतात.

मी ते शिकलोय. इतरांना शिकवतोही. आणि हजेरीचा कोड लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

मला सरासरीवर जगता येतं. आज उशीर, उद्या लवकर, महिन्याअखेरी सगळं सारखं. मावशींना ते परवडत नाही. ज्याला उशिराची शिक्षा आहे, त्याला रोज सगळ्यात वाईट दिवस धरूनच निघावं लागतं. बस पाच मिनिटांत येईल असं मी धरतो. एकोणीस मिनिटं लागतील असं त्यांना धरावं लागतं. लोकलची तीच गत, पुलावरच्या गर्दीची तीच गत. प्रत्येक टप्प्याला अशी राखीव मिनिटं जोडत जोडत त्यांची सकाळ साडेसहापर्यंत मागे सरकते. आणि सगळे टप्पे सुरळीत झाले तर? तर त्या साडेसातलाच पोचतात आणि अर्धा तास गेटपाशी बसून राहतात, कारण मशीनला आठच्या आधीची मिनिटं मोजायला कुणी सांगितलेलंच नाही. मी तरी नाही सांगितलं.

शहरातली विषमता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झोपडपट्टी आणि बाजूला टॉवर येतो. मला आता ती सकाळच्या या राखीव मिनिटांत दिसते. पगार तर कमी-जास्त आहेतच, पण पोचण्याची खात्रीही काही लोकांकडे आहे आणि काहींकडे नाही. ज्यांच्याकडे नाही, नेमकं त्यांनाच उशिराचा दंड आहे.

मानखुर्दला त्या आल्या कशा?

हे विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "आमी पयले कुर्ल्यालाच होतो ना, पटरीच्या बाजूला."

इथे थोडा इतिहास. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, ज्याला सगळे एमयूटीपी म्हणतात, त्याला जागतिक बँकेनं २००२ मध्ये कर्ज दिलं. लोकलच्या मार्गिका वाढवायच्या, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते करायचे, असा तो प्रकल्प. त्यासाठी रुळांलगतच्या आणि रस्त्याच्या जागेवरच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. एक लाखाहून जास्त माणसं. बऱ्याच जणांना मानखुर्द, वाशी नाका अशा ठिकाणी इमारतींत घरं मिळाली. लल्लूभाई कंपाउंड त्यातलंच.

घर पक्कं मिळालं, नळ मिळाला, संडास मिळाला. हे लहान नाही आणि मावशीही ते मान्य करतात. पण पुनर्वसनाबद्दल तक्रारी इतक्या झाल्या की बँकेच्या तपासणी मंडळानं चौकशी केली आणि २००६ मध्ये बँकेनं रस्ते व पुनर्वसनाच्या कामाचा पैसा काही महिने रोखून धरला. हा सगळा भाग पालिकेच्या एम-पूर्व वॉर्डात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत तळाला होता तो हाच.

यातला पेच लक्षात आला का? लोकांचा प्रवास सोपा व्हावा म्हणून प्रकल्प झाला. त्याच्यासाठी जे हलले, त्यांचाच प्रवास लांबला. मावशी आधी चालत कामाला जायच्या. कुर्ल्याच्या आसपास चार घरची कामं होती. मानखुर्दला आल्यावर चालण्याच्या टप्प्यात काम उरलं नाही आणि त्यांच्या रोजच्या जगण्यात लोकल शिरली, बस शिरली, घड्याळ शिरलं.

मग बस वाढवायच्या ना?

साधा उपाय वाटतो. पण झालंय उलटं. मुंबईत १५ जुलै १९२६ ला पहिली बस धावली. पंधराएक वर्षांपूर्वी बेस्टकडे चार हजारांच्या वर बस होत्या. आता त्या तीन हजारांच्याही खाली आल्यात आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या, भाड्याने घेतलेल्या आहेत. एकेकाळी बेस्टच्या वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा. ती वाटही गेल्या दशकात बंद झाली.

भाड्याचं बघा. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ८ वरून ५ रुपये झालं आणि माणसं बसकडे परत आली. ९ मे २०२५ पासून तेच ५ चे १० झाले, एसीचे ६ चे १२. तुम्ही म्हणाल, दहा रुपयांत काय येतं? पण महिन्याचे २६ दिवस, रोज दोन फेऱ्या, म्हणजे २६० चे ५२० झाले. पास काढला तर थोडा फरक पडतो, पण पासासाठी एकदम पैसे काढावे लागतात. शिवाय किमान भाडं वाढलं की सगळ्यात जास्त फटका छोट्या फेऱ्यांना बसतो. एका घरून दुसऱ्या घरी, तिथून बाजारात, तिथून पोराच्या शाळेत, असा तुकड्यातुकड्यांचा प्रवास जास्त करून बायकाच करतात. प्रत्येक तुकड्याला नवं तिकीट.

त्याच वेळी याच शहरात कोस्टल रोड झाला. सुमारे १३ ते १४ हजार कोटींचा. २०२४ मध्ये खुला झाला. टोल नाही. त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. मी मित्राच्या गाडीतून गेलोय त्यावरून. मस्त वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तो बांधला महापालिकेनं आणि बेस्टही महापालिकेचीच. पालिका बेस्टला पैसे देते, नाही असं नाही. पण बसला दिले की बातमीत 'तोटा' येतो आणि रस्त्याला दिले की 'विकास'.

मेट्रोवर माझा राग नाही, मी रोज तिनंच जातो. मेट्रो २ब तर बीकेसी आणि कुर्ल्यातून थेट मानखुर्दच्या मंडाळेपर्यंत जायची आहे. ती पूर्ण झाली तर मावशींसारख्यांचे दोन-तीन टप्पे एका गाडीत होतील. पण हा भाग रेकॉर्ड करतोय तोवर त्या संपूर्ण मार्गावर गाडी धावत नाहीये. वांद्रे ते कुर्ला पॉड टॅक्सीलाही २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, एका डब्यात सहा माणसं. माझ्यासारख्याला उपयोगी पडेल कदाचित. कुर्ल्याची ती वळून मागे गेलेली रांग सहा-सहाच्या डब्यांत कशी मावेल, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

लोकलमध्येही हाच प्रश्न आहे. रुळांवर एका तासात ठरावीकच गाड्या मावतात. साधी लोकल काढून त्या वेळेला एसी लोकल सोडली, तर एसीचं तिकीट परवडणाऱ्याला हवा मिळते आणि बाकीचे पुढच्या साध्या गाडीत आणखी चेंगरतात. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरला लोक रुळांवर, फलाटावर उतरले ते याच कारणानं. मध्य रेल्वेनं तेव्हा दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. त्या लोकांचं भांडण थंड हवेशी नव्हतं. वेळापत्रकातली त्यांची जागा गेली होती.

बसच्या बाबतीत उपाय माहीत नाहीत असं नाही. गर्दीच्या रस्त्यावर बसला वेगळी लेन. सिग्नलला बसला आधी वाट. पुढची आणि मागची बस यांच्यातलं अंतर बघून मागचीला एखाद्या स्टॉपवर मिनिटभर थांबवणं. बसमध्ये जीपीएस आहे, आपल्या मोबाइलवर ती दिसतेही. म्हणजे माहिती आहेच. आणि बस मुळातच जास्त हव्यात, कारण तीन बसमध्ये अंतर राखून राखून किती राखणार?

माझ्या कोडचं काय झालं?

मी मॅनेजरला सांगितलं, दहाऐवजी तीस मिनिटं करू. जो आठ वीसला आला, तो संध्याकाळी वीस मिनिटं उशिरा जाईल. काम तेवढंच होईल. आकडा बदलायला मला दोन मिनिटं लागली असती.

उत्तर आलं: "तो एजन्सीचा नियम आहे. आपण फक्त रिपोर्ट देतो." मग एजन्सीच्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, "सर, कंपनीनेच सांगितलंय." दोन महिने हा चेंडू इकडून तिकडे फिरत होता. मी एक गोष्ट केली. रिपोर्टमध्ये एक जादा रकाना घातला: वेळेआधी आल्याची मिनिटं. पहिल्याच महिन्यात दिसलं की मावशींची लवकर आल्याची मिनिटं उशिराच्या मिनिटांपेक्षा कितीतरी पट जास्त होती. तो तक्ता मी सगळ्यांना पाठवला. पुढच्या महिन्यापासून सवलत वीस मिनिटांची झाली. तीस नाही. वीस.

पण तोवर मावशींनी नोकरी सोडली होती. गोवंडीत, घरापासून चालत जाता येईल अशा एका ठिकाणी पॅकिंगचं काम धरलं. पगार कमी आहे. पीएफ नाही. फोन केला तेव्हा म्हणाल्या, "पैसा कमी हाय दादा, पन सकाळी पोराला डबा करून देते आता."

सर चं दादा झालं, तेवढं बरं वाटलं. बाकी काही बरं वाटलं नाही. बीकेसीतली पीएफवाली नोकरी त्यांना परवडली नाही, कारण तिथे पोचण्याची खात्री परवडली नाही. नोकरी होती, अंतर होतं तेवढंच होतं, बसही 'दर दहा मिनिटांनी' होती.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, सोसायटीत जी माणसं सगळ्यात आधी येतात, त्यांना विचारा, 'घर किती वाजता सोडता?' आणि उशीर झाला तर काय होतं, तेही विचारा. हजेरीचा नियम तुमच्या हातात असेल, तर आत्ताच बदला. आणि वॉर्डात मतं मागायला कुणी आलं, तर नव्या पुलाबरोबर हेही विचारा: आमच्या स्टॉपवर दोन बसमध्ये जास्तीत जास्त किती मिनिटं जातात? सरासरी सांगायला लागले तर थांबवा. सरासरी आपल्याला माहीत आहे.

तुमच्या स्टॉपचा अनुभव व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू. आणि हो, दारातून आत सरका!